आईंच्या गालावरचा गुलाबी

हे मी कुणापुढे बोललेले नाही. नवऱ्याला मी सगळं सांगते — कुणाचा राग आला, कोण काय टोचून बोललं, भाजीवालीनं जून भेंडी कशी गळ्यात मारली — पण हे नाही सांगितलं. बहिणीलाही नाही. देवापुढे बसले तरी या गोष्टीपाशी आलं की मी मनातल्या मनात वळसा घालते. आणि आता तुमच्यापुढे बसलेय, तर सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. रंगापासून करू? की त्याच्याही आधीच्या गोष्टीपासून?

रंगापासून करते. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

मी जलरंगात चित्रं काढते. मल्लेश्वरमला राहते, जन्मही इथलाच. आमचं घराणं इकडे येऊन इतक्या पिढ्या झाल्या की मूळ गाव कुठलं हे घरात कुणाला धड सांगता येत नाही. घरात मराठीच बोलतो, पण त्यात कन्नड एवढं मुरलंय की पुण्यामुंबईची माणसं ऐकून आधी गोंधळतात आणि मग गालात हसतात. मला सगळे अक्का म्हणतात. शाळेत चित्रकला शिकवायचे. नोकरी संपल्यावर घराच्या पुढच्या खोलीत शनिवारी सकाळी जलरंगाचा वर्ग सुरू केला. माझी चित्रं विकली जायची — फुलबाजार, देवळाच्या पायऱ्या, जुने बंगले. ऑफिसांच्या भिंतींवर लागायची. लोक म्हणायचे, अक्कांचं काम किती स्वच्छ. कितीतरी वर्षं मी ते कौतुक समजत होते.

मग अनघा आली.

ती मिरजेकडची. नवरा श्रीकांत सरकारी कारखान्यात इंजिनिअर. बदली होऊन इथे आले आणि यशवंतपूरला फ्लॅट घेतला. अनघाची चाळिशी उलटलेली. घरात सासूबाई, अंगावरून वारं गेलेल्या — एक बाजू लुळी, बोलणं जड. अनघा त्यांना आई म्हणायची आणि त्यांचं सगळं तीच करायची. शनिवारी श्रीकांत घरी असायचा म्हणून तेवढी सकाळ तिला मोकळी मिळायची. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "अक्का, मला चित्रकार वगैरे नाही व्हायचं. दोन तास कुणी हाक मारणार नाही अशी जागा हवीय, बस."

ब्रश कसा धरायचा इथून तिला मी शिकवलं. हे खरं आहे, आणि हे मी नंतर पुष्कळ जणांना आवर्जून सांगितलं. कागद किती ओला ठेवायचा, रंग केव्हा सोडायचा, हात केव्हा आवरायचा — सगळं माझ्याकडून घेतलं तिनं. पण काही गोष्टी मी शिकवल्या नव्हत्या आणि तरी तिला येत होत्या. त्यांचं काय करायचं?

एका शनिवारी मी टेबलावर पाण्यानं अर्धा भरलेला स्टीलचा पेला ठेवला. सगळ्यांनी पेला काढला. अनघानं त्याची एक कड काढलीच नाही. तिथे नुसता कोरा कागद. आणि त्या कोऱ्या जागेमुळेच पेला असा चकाकत होता की हात लावला तर गार लागेल. बाकीच्या बायका उठून तिच्या टेबलाभोवती जमल्या. मीही गेले. अर्धं आयुष्य मी कागद ओले करत आले आणि मला हे एकदाही सुचलं नव्हतं.

"कडा फार सुटल्यात," मी म्हणाले. "स्वल्प बांधून घे."

तिनं मान डोलावली. पुढच्या शनिवारी ती कडा नीट बांधून घेऊन आली आणि चित्र मेलेलं होतं. ते बघून मला बरं वाटलं. आपली विद्यार्थिनी ऐकते म्हणून बरं वाटलं, असं मी स्वतःला सांगितलं. तुम्ही ठेवला असता यावर विश्वास? मी ठेवला.

पण ती अडली नाही. मी कडा बांधायला सांगायचे, ती थोडे दिवस ऐकायची आणि मग तिचा हात पुन्हा आपल्या वाटेनं जायचा. माझ्याबद्दल तिला कधी शंका आली नाही. मला घरी बोलवायची. मी ऑटोनं यशवंतपूरला जायचे, आईंच्या पलंगाशी बसायचे. त्यांना माझ्या मराठीची भारी गंमत वाटायची. एखादा शब्द मला मुद्दाम पुन्हा म्हणायला लावायच्या. अनघा तोवर आत चहा करायची. त्या भेटींबद्दल मला अजून बोलायचंय — पण आत्ता नाही. थोडं थांबा.

आई गेल्या. त्यानंतर अनघा बरेच महिने वर्गाला आली नाही. मग एका शनिवारी वर्ग सुटून सगळ्या निघून गेल्यावर ती आली. काखेत मोठी फाइल होती. त्यातून एक कागद काढून तिनं टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसली.

खिडकी. खिडकीशी चाकांची खुर्ची, खुर्चीत आई. बाहेर टबेबुयाचं झाड — आमच्याकडे फेब्रुवारीच्या सुमाराला रस्तेच्या रस्ते गुलाबी करून टाकतं ते. पण चित्रात झाड जवळजवळ नव्हतंच. खिडकीच्या कोपऱ्यात चार डाग, तेवढेच. झाड होतं ते आईंच्या चेहऱ्यावर. फुलांवरून परतलेला उजेड त्यांच्या लुळ्या बाजूच्या गालावर पडला होता. बाकी सगळा चेहरा करड्या-निळ्या सावलीत आणि गालावर एवढासा गुलाबी. आई आता वळून माझ्या मराठीला हसतील, असं वाटत होतं.

"हे कुणाला सांगितलं नाही, अक्का," अनघा म्हणाली. आणि मग तिनं एका दुपारची गोष्ट सांगितली.

त्या दिवशी सकाळपासून आईंनी तिला पुन्हा पुन्हा चादर बदलायला लावली होती. भाताचं ताट ढकलून दिलं होतं. आणि मग पुण्याच्या मुलीला फोनवर सांगितलं होतं, इथे मला वेळेवर खायला मिळत नाही. अनघा दारात उभी राहून ऐकत होती. फोन झाल्यावर तिनं आईंना खुर्चीत बसवलं, खुर्ची खिडकीशी नेली, चाकं अडकवली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दुपारभर ती बाहेर आली नाही. पाणी दिलं नाही, बाथरूमला नेलं नाही. "मारू देत हाका, मी नाही जाणार, असं म्हणत पडले होते. पण त्यांनी हाक मारलीच नाही." ऊन कलल्यावर तिला भीती वाटली आणि ती धावत बाहेर आली. आई ओल्या कपड्यांत बसल्या होत्या, आणि त्यांच्या गालावर तो उजेड होता. अनघाकडे बघून त्या अर्ध्या तोंडानं हसल्या. "आलीस?" म्हणाल्या. बाकी काही नाही. ना तेव्हा, ना नंतर कधी.

"मला माफ केलं होतं त्यांनी," अनघा म्हणाली. "गालावर दिसत होतं ते. मला तेवढंच काढायचं होतं."

मी चित्राकडे बघत राहिले. आणि मला काय वाटलं, सांगू? तिच्याबद्दल वाईट वाटलं नाही. आईंची आठवण आली नाही. मला वाटलं, हे माझ्या हातून का नाही झालं? माझी आईसुद्धा म्हातारी होऊन, अंथरुणाला खिळून गेली. तिलाही मी नको ते बोलले होते. माझ्या घरालाही खिडक्या होत्या. मग मी फुलबाजार का काढत बसले?

तेवढ्यात तिनं पर्समधून एक ट्यूब काढली आणि माझ्या हातात दिली.

"हा नवाच घेतलाय. दुसऱ्या कुठल्याच गुलाबीनं तो उजेड येईना. अक्का, टिकेल ना हा?"

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. जलरंगातले सगळे रंग टिकत नाहीत. काही रंग उजेडानं उडतात, आणि तो झगमगीत गुलाबी तर सगळ्यांत आधी. मी दर नव्या वर्गाला दाखवते — कागदाच्या पट्टीवर तो रंग लावायचा, अर्धी पट्टी काळ्या कागदानं झाकायची आणि खिडकीत ठेवून द्यायची. काही महिन्यांनी बघितलं की झाकलेला भाग गुलाबी आणि उघडा भाग जवळजवळ पांढरा. अनघाच्या तुकडीला हे दाखवलं त्या शनिवारी आई दवाखान्यात होत्या आणि अनघा आलेली नव्हती. मला ते पक्कं आठवत होतं. ट्यूब हातात घेतल्या घेतल्या आठवलं. मी चष्मा लावला. ट्यूब फिरवून त्यावरची बारीक अक्षरं वाचल्यासारखं केलं.

"टिकेल की," मी म्हणाले.

झालं. तुम्ही म्हणाल, तोंडातून निसटलं असेल. एखाद्या वेळेस निसटतंही माणसाच्या. पण त्याच्यानंतर जे केलं, ते? ते तर पूर्ण शुद्धीत केलं.

त्या वर्षी माझ्या वर्गातल्या बायकांचं एक छोटं प्रदर्शन झालं. माझीही चित्रं होती, आत शिरल्या शिरल्या समोरच लावलेली. लोक त्यांच्यासमोरून चालत जायचे आणि कोपऱ्यातल्या आईंपुढे उभे राहायचे. गॅलरीच्या बाईंनी मला विनंती केली, अक्का, तुम्ही तिच्या गुरू, या चित्रामागचा विचार तुम्हीच सांगा. मी सांगितला. म्हातारपण, सेवा, घराच्या आतलं जग आणि खिडकीबाहेरचं — चांगलं अर्धा तास बोलले. टाळ्या पडल्या. गालावरच्या रंगाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. अनघाला वाटलं, तिचं गुपित राखायला म्हणून मी तो विषय टाळला. घरी जाताना ऑटोत तिनं माझा हात धरून ठेवला होता. मी तो सोडवूनही घेतला नाही.

चित्र तिनं विकलं नाही. घरी लावायचं ठरलं आणि मला बोलावलं. श्रीकांत हातोडी घेऊन उभा. "अक्का, तुम्ही म्हणाल तिथे खिळा मारतो." आतल्या बोळात एक चांगली भिंत होती, जिथे ऊन कधीच येत नाही. मी बाल्कनीसमोरची भिंत दाखवली.

"इथे लाव. इथे उजेड छान पडतो."

त्यानंतर त्या घरात गेले की चपला काढता काढता मी आधी आईंच्या गालाकडे बघायचे. अनघाकडे नंतर. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. मी मध्ये काही महिने टाकून जायचे, मला कळायचा. आधी कडेचा फिका भाग गेला. मग मधला. तरी पुष्कळ शिल्लक होतं. कुठल्याही एका भेटीत मी म्हणू शकले असते — अगं, हे बोळात लाव, इथे ऊन येतं. एवढं म्हटलं असतं तरी अर्धा गाल वाचला असता, आणि माझं खोटंही उघड झालं नसतं. मी खारी चहात बुडवून खायचे आणि दुसरंच काहीतरी बोलायचे. आणि गाल बघून मला काय वाटायचं? लाज? हो, लाजही वाटायची. पण तिच्या आधी — अगदी क्षणभर आधी — आनंद व्हायचा. हे तुमच्यापुढे कबूल करणं जड जातंय, पण तो आनंद होता. दुसरं नाव मला त्याला देता येत नाही.

का? तेव्हा अनघा पुढे चालली होती म्हणून. तिची एकटीची प्रदर्शनं व्हायला लागली होती. पेपरात फोटो यायचा. एकदा तिनं माझं नाव गुरू म्हणून सांगितलं तर ते एका ओळीत छापून आलं, तेही चुकीचं. नवरा म्हणाला, बघ, तुझं नाव आलंय. मी पेपर घडी करून ठेवला आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. माझ्या वर्गात येणाऱ्या नव्या मुली पहिल्याच दिवशी विचारायच्या, अनघा मॅडम इथेच शिकल्या ना? मी हो म्हणायचे. हसून म्हणायचे.

मग एका मोठ्या गॅलरीला ते जुनं चित्र हवं झालं. नव्या चित्रांच्या सोबतीला तेही ठेवू म्हणाले. भिंतीवरून काढलं तेव्हा अनघाच्या लक्षात आलं. तिनं मला फोन केला, मी गेले. काच काढून तिनं चित्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं आणि शेजारी मोबाइलवर त्याचाच जुना फोटो. फोटोत गाल गुलाबी. टेबलावर राखेसारखा. गुलाबी उडून गेला होता आणि त्याच्याखालची करडी-निळी सावली तेवढी उरली होती. आई त्या खिडकीत केव्हाच्या गेलेल्या आहेत आणि कुणाला पत्ता नाही, असं वाटत होतं.

अनघा रडली वगैरे नाही. "कच्चा रंग होता तो," म्हणाली. "आता मला कळतं. तुम्ही वर्गात सांगितलं असणार, अक्का. मीच नसेन त्या दिवशी."

"असेल," मी म्हणाले.

तिनं मला तेव्हा सरळ विचारलं होतं, हे ती विसरली होती. की विसरली नव्हती? मला अजून कळलेलं नाही. तिच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत झाली नाही, नाहीतर कळलं असतं.

मी घाईघाईनं म्हणाले, "पुन्हा लावता येईल. टिकाऊ गुलाबी आहे माझ्याकडे. उद्या घेऊन येते."

तिनं मान हलवली. "नको," म्हणाली. "राहू दे असंच. मला वाटतं, हेच खरं असेल."

आणि चित्र तसंच प्रदर्शनात गेलं. आता पुढचं ऐका. तिथे ते आधीपेक्षा जास्त गाजलं. लोक म्हणायला लागले, काय धीट चित्र आहे, कुठे गोडवा नाही, कुठे दया नाही. एका तरुण समीक्षकानं त्याच्यावर लांबलचक लेख लिहिला. म्हणजे माझ्या खोट्यानंही मोठं झालं ते तिचंच चित्र. हे कळल्यावर मला पश्चात्ताप व्हायला हवा होता ना? मला हेवा वाटला. पुन्हा. तोच, त्या पेल्याच्या वेळचा.

उद्घाटनाच्या संध्याकाळी तिला बोलायला सांगितलं. मला तिनं पुढच्या रांगेत बसवलं होतं. अनघाला भाषण येत नाही. ती साध्या, अडखळत्या इंग्रजीत बोलली, अडलं तिथे हिंदीत. सगळ्यांपुढे तिनं ती दुपार सांगितली. चादर, भाताचं ताट, फोन, अडकवलेली चाकं, लावून घेतलेलं दार. मग ती म्हणाली, "पूर्वी या गालावर गुलाबी रंग होता. मला वाटायचं, त्यांनी मला माफ केलं, तो त्याचा रंग आहे. पण तो मीच लावला होता. तो उडाला आणि खालचं दिसायला लागलं. त्यांनी त्या दुपारी मला एकदाही हाक मारली नाही. मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. त्यांना माझी भीती वाटत होती."

आता ते सांगते, जे मघाशी टाळलं.

आई असताना, त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात, मी एकदा त्यांच्याजवळ बसले होते. अनघा आत चहा करत होती. बाहेरच्या झाडाला तेव्हा नुसती पानं होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, या झाडाला फुलं किती येत असतील नाही? आई हळूहळू, एकेक शब्द गोळा करत बोलायच्या. म्हणाल्या, "यंदा बघितली मी. एकदा अनघानं मला दुपारभर इथे बसू दिलं. कुणी आलं नाही, गेलं नाही. नाहीतर सारखं आपलं हे घे, ते गिळ, इकडे वळ. आजारी पडल्यापासून एवढा वेळ मला कुणी एकटीला सोडलं नव्हतं. फुलं एकेक पडत होती, ती बघत बसले." मग थांबल्या. तोंडाच्या कोपऱ्यातून आलेली लाळ चांगल्या हातानं पुसली. "पोरगी दमली होती गं. झोपली असेल म्हटलं. मी मुद्दाम हाक मारली नाही."

तेव्हा मला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईचं बोलणं म्हणून ऐकलं. अनघा चहा घेऊन आली, आई गप्प झाल्या, विषय संपला.

पण पुढे आई गेल्यावर, माझ्या घरी, ते चित्र समोर ठेवून अनघानं मला तिच्या बाजूची दुपार सांगितली — तेव्हा कळलं. लख्ख कळलं. तिच्या दुपारचा दुसरा अर्धा भाग माझ्याजवळ होता. तिला वाटत होतं, आईंनी माफ केलं. आईंनी माफ करण्यासारखं काही झालं असं धरलंच नव्हतं. त्यांना ती दुपार आवडली होती. त्यांनी सुनेला झोपू दिलं होतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं. ते रंगाचं खोटं बोलायच्या आधी, ट्यूब अजून तिच्या पर्समध्ये होती तेव्हा, हे मला सांगता आलं असतं.

नाही सांगितलं. का नाही सांगितलं ते मला अगदी स्पष्ट आठवतं. मला वाटलं — हिच्याकडे हे चित्र आहे. वर हेही द्यायचं?

आणि त्या संध्याकाळी, पुढच्या रांगेत, ती शंभर माणसांपुढे म्हणत होती की आईंना तिची भीती वाटत होती, आणि आई का गप्प बसल्या हे तिथे एकट्या मला माहीत होतं. मी उठून उभी राहिले नाही. मनात वाक्य जुळवलंसुद्धा नाही. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मीही वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर ती गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. तिचे हात गार पडले होते. "अक्का, जास्त बोलले का मी?"

"छे," मी म्हणाले. "सरी, बरोबर बोललीस."

त्यानंतर अनघानं माणसं काढली नाहीत. जिने काढते, बंद फाटकं, ओट्यावर पालथी घातलेली भांडी. सुंदर काढते. लोक त्यावरही लिहितात. एकदा मी विचारलं, चेहरे का नाही काढत गं? तर म्हणाली, "धजत नाही हात. मला जे दिसतं ते तिथे असतं की नाही, कळत नाही आता." हे ती सहज म्हणाली, भाजी निवडता निवडता. मी तिच्यासमोर बसून कोथिंबीर निवडत होते. श्रीकांत कामावर गेला होता. घरात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. यापेक्षा चांगली वेळ मला कधी मिळणार होती?

मी कोथिंबीर निवडून दिली आणि घरी आले.

वय झालं, विसरले, संधी मिळाली नाही — यातलं काही खरं नाही. मला रोज आठवतं. आईंचा आवाज, तो थांबत थांबत येणारा, शब्दाशब्दानं आठवतो. आणि अजूनही पेपरात अनघाबद्दल काही आलं की मी आधी किती ओळी आहेत ते बघते.

आज सकाळी तिचा फोन आला होता. नव्या चित्रात एका ठिकाणी अडली होती, कागद कुठे कोरा सोडावा ते विचारत होती. मला मनापासून जे वाटलं ते मी सांगितलं, तिला पटलं. मग इकडचं तिकडचं बोललो — माझे गुडघे, तिच्या सोसायटीतलं पाणी. बराच वेळ बोललो. ठेवताना ती म्हणाली, "अजून काही, अक्का?"

"काही नाही," मी म्हणाले.